वरून पाचवं

४ फेब्रुवारी

प्रिय मुंगळ्या,

या वयात भर दुपारी दाराला आतून कडी लावून चोरून पत्र लिहिते आहे. फोन केला असता, पण या घराच्या भिंती पातळ आणि तुझ्या बाबांचे कान तिखट. मी शेजारच्या खोलीत चष्मा जरी खाली ठेवला तरी दादा विचारतो, "छोटे, काय पडलं?"

वाचनालयातून निवृत्त होऊन मी दादाकडे राहायला आले त्याला आता वर्ष झालं. घरात कॉम्प्युटर एकच, खिडकीजवळच्या टेबलावर. सकाळी तो दादाचा, दुपारी माझा. दादा अजून रोज पुलाखालच्या मोजपट्टीवर नदीची पातळी बघून येतो, बूट काढतो आणि आकडा यंत्रात भरतो. खात्यातून बाहेर पडून त्याला चौदा वर्षं झाली, आकडा मागायला कुणी येत नाही, पण एक दिवस चुकलेला नाही. शिवाय जुन्या पेन्सिलीच्या वह्या पहिल्या पानापासून टंकत बसायचा. म्हणाला, "आधी एकदा झालं होतं, आता पुन्हा." का पुन्हा, ते सांगेना. गेल्या महिन्यात एकदाचं संपलं. एकतीस वर्षांची नदी, रोज दोन आकडे. शेवटचा आकडा टंकल्यावर त्याने बोटं अशी चोळली, जशी आम्ही शाळेत शिवणाच्या तासानंतर चोळायचो.

आता माझं गाऱ्हाणं. अंध मुलींच्या वसतिगृहासाठी मी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. प्रकरण संपत आलं की यंत्राचा पडदा पांढरा होतो आणि सगळं गडप. काल राजकन्येला विहिरीत पडायचं होतं, बिचारीला तीनदा पाडलं. वसतिगृहातल्या बाई म्हणाल्या, यंत्र जुनं झालं तरी त्यात मुक्त प्रणाली टाकता येते. सगळ्यांना खुली, कुणीही उघडून बघावी, सुधारावी. मला आमच्या वाचनालयाचीच आठवण झाली.

दादाला विचारलं तर म्हणाला, "माझ्या यंत्राला हात लावायचा नाही."

"यंत्र दोघांचं आहे, दादा."

"मग तुझ्या अर्ध्याला लाव."

तो टोमणा होता हे मला कळतं. पण अर्ध्याला खरंच लावता येतं का रे? तू हेच काम करतोस, म्हणून विचारते. तुमचं दोघांचं काय बिनसलं मला कुणी सांगितलं नाही. तुझ्या नोकरीवरून असावं असं मी धरून चालले आहे. मी त्यात पडत नाही. वहिनी असती तर तुमच्या दोघांचे कान धरून एका ताटावर बसवलं असतं, मला ते जमायचं नाही.

डोळ्यात मोतीबिंदू पिकतोय, म्हणून अक्षर मोठं आहे. मी ओरडतेय असं वाटून घेऊ नकोस.

तुझी
आत्या

*

१३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि आधी चहा केला, मग फोडलं. चांगलं पत्र उभ्याउभ्या वाचू नये असं तूच सांगायचीस.

हो, अर्ध्याला लावता येतं. बाबांनी टोमणा मारला, पण तांत्रिकदृष्ट्या बरोबर मारला.

डिस्क म्हणजे एक जाडजूड कोरी वही समज. तिचे वाटे करता येतात. प्रत्येक वाट्याच्या पानांवर आधी रेघा आखाव्या लागतात. कुणाला दुरेघी लागते, कुणाला चौकटीची. ती आखणी म्हणजे फॉरमॅट. आखलं की त्या वाट्यात आधी लिहिलेलं गेलं, हे मात्र लक्षात ठेव.

तू तीन वाटे कर. पहिला बाबांचा, जसा आहे तसा. त्याला हातही लावू नकोस, फक्त थोडा आखूड होईल. दुसरा तुझ्या नव्या प्रणालीचा. तिथे यंत्र आपणहून जी आखणी सुचवेल तीच राहू दे. ती मला फार आवडते. काहीही लिहिण्याआधी ती एका कोपऱ्यात टिपून ठेवते की आता मी अमुक लिहिणार आहे. मध्येच वीज गेली तर नंतर ते टिपण वाचून आपलं काम सावरते. बाबा पुलावरून उतरताना आकडा आधी मनगटावर पेनने लिहायचे आणि मग वहीत, तसंच.

तिसरा वाटा दोघांचा. तुझी प्रणाली बाबांच्या रेघा वाचू शकते, पण बाबांच्या जुन्या प्रणालीला तुझ्या रेघा वाचता येत नाहीत. ती स्वतःच्या वळणाशिवाय दुसरं काही ओळखत नाही. म्हणून दोघांच्या वाट्याची आखणी बाबांच्या वळणाची हवी. नावं सांगून तुझं डोकं खात नाही. यादी उघडेल, तिच्यातलं वरून पाचवं घे.

सोबत पेनड्राइव्ह पाठवतोय, त्यात प्रणाली घालून दिली आहे. पायऱ्या वेगळ्या कागदावर आहेत. आणि दोन गोष्टी नीट ऐक. काहीही करण्याआधी बाबांना त्यांच्या नोंदींची प्रत स्वतः काढायला सांग. त्यांच्या हाताने. आणि माझं नाव काढू नकोस.

ते पुन्हा टंकत होते हे मला माहीत नव्हतं. सगळ्या वह्या?

मुंगळा

*

२६ फेब्रुवारी

प्रिय मुंगळ्या,

झालं! राजकन्या विहिरीत पडली, बाहेर आली, तिचं लग्नसुद्धा लागलं. पडदा एकदाही पांढरा झाला नाही.

परवा दादा खात्यातल्या जुन्या मित्राकडे गेला होता, तेवढ्यात उरकलं. तुझा कागद समोर भिंतीला टाचला. विणायची सुई हातात घेतली आणि यादी उघडल्यावर सुईने मोजलं, एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा मोजलं. शाळेत भरतकाम शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, "मुलींनो, टाके मोजा, विचार नंतर करा." त्यांच्या हाताखाली मी चार वर्षं काढली आहेत, माझी मोजणी चुकायची नाही.

तिसऱ्या वाट्याला "दोघांचं" असं नाव दिलं आणि दादाच्या नोंदी उचलून त्यात नेऊन ठेवल्या. हो, उचलून. तिकडे एक नि इकडे एक असं ठेवलं की माणूस एकात लिहितो आणि दुसरं शोधत बसतो. वाचनालयात मी छत्तीस वर्षं एकच नियम पाळला, एका पुस्तकाची एकच जागा. दादासाठी पडद्याखाली चिठ्ठी चिकटवली आहे, "तुझी नदी आता 'दोघांचं'मध्ये."

एक कबुली द्यायची आहे. प्रत काढायला मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? मला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. तुझं नाव काढायचं नाही आणि प्रतही काढायला लावायची, ही दोन्ही कामं एका आत्याकडून कशी व्हावीत? मी एक केलं.

दादाच्या बाजूने उघडून बघायचं राहिलं आहे, पण उद्या माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया. दवाखान्यात दादाच सोबत राहणार. पट्टी निघाली की बघेन. पंधरा दिवस वाचायचं नाही, लिहायचं नाही, पडद्यापुढे बसायचं नाही. म्हणजे माझ्या तोंडालाच काम.

तुझी
आत्या

*

५ मार्च

आत्या,

तुझा डोळा कसा आहे? हे आधी विचारतो, कारण पुढे मी तेवढा चांगला मुलगा राहणार नाही.

नोंदी उचलल्यास हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझी चूक नाही. मी तुला "वरून पाचवं" लिहिलं ते माझ्या यंत्रावरची यादी बघून. तुला पाठवलेली प्रणाली त्याहून नवी आहे, हे मला काल सुचलं. तिच्या यादीत जास्त नावं आहेत. तू सुईने अगदी बरोबर मोजलंस, पण तुझं पाचवं आणि माझं पाचवं एकच होतं का, मला ठाऊक नाही. तिथे काय नाव होतं ते आठवत असेल तर कळव. तोवर बाबांनी तो वाटा उघडू नये असं काहीतरी कर. कसं ते मला सुचत नाही.

आता दुसरी गोष्ट. भांडण नोकरीवरून नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी बाबांचं यंत्र फार हळू चालायचं. ते पुलावर गेले होते. परत येईपर्यंत यंत्र नवं करून त्यांना चकित करायचं असं मी ठरवलं. यंत्राने विचारलं, सगळी डिस्क पुसू का? मला वाटलं नोंदी दुसऱ्या डिस्कवर आहेत. बघितलं नाही. हो म्हटलं. बाबा आले, बूट काढले, बसले. "नोंदी कुठे आहेत?" मी म्हटलं, "आणतो परत." चार दिवस झटलो. एक ओळसुद्धा आली नाही. पंचवीस वर्षं गेली.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "माझ्या वस्तूला पुन्हा हात लावू नकोस." दुसऱ्या आठवड्यात मी इकडची नोकरी घेतली. तेव्हापासून लोकांची पुसलेली डिस्क परत आणून देणं हेच माझं काम आहे. बाबांची सोडून सगळ्यांची आणतो.

ते पुन्हा सगळं टंकत होते हे तू लिहिलंस, तेव्हापासून ते मनगट डोळ्यांपुढून हलत नाही. आणि आता दुसऱ्यांदा, तेही तुझ्या हातून, माझ्याच सांगण्यावरून. आत्या, लवकर कळव.

मुंगळा

*

११ मार्च

चिरंजीव,

छोटीच्या डोळ्यावर पट्टी आहे. डॉक्टरांनी वाचायला बंदी केली आहे. तुझं ५ तारखेचं पत्र काल आलं. ती म्हणाली, "दादा, वाचून दाखव." अक्षर कुणाचं ते पाकिटावरूनच मला कळलं होतं. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "मग आणखी नीट वाच." वाचून दाखवलं. शेवटापर्यंत. दोन ठिकाणी थांबलो.

आता यंत्राची स्थिती.

शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या आणि मग दवाखाना, या धावपळीत दोन आठवडे मी यंत्रापुढे बसलो नव्हतो. आकडे वहीत लिहीत होतो. ९ तारखेला सकाळी बसलो. छोटीची चिठ्ठी होती, त्याप्रमाणे "दोघांचं" उघडलं. पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा उतरवतो: "ही डिस्क वापरण्यापूर्वी ती फॉरमॅट करणे आवश्यक आहे. फॉरमॅट करायची आहे का?" खाली दोन बटणं आहेत. "डिस्क फॉरमॅट करा" आणि "रद्द करा".

मी कोणतंही बटण दाबलेलं नाही. "रद्द" दाबावं असं वरकरणी वाटतं. पण रद्द म्हणजे प्रश्न रद्द की नोंदी रद्द, ते त्यात लिहिलेलं नाही. गेल्या वेळीही तो नुसता एक प्रश्नच होता.

यंत्र तेव्हापासून चालू आहे. त्यावर चादर घातली, मग तापेल म्हणून काढली. टेबलपंखा लावला आहे. "हात लावू नये" अशी पाटी लावली आहे. घरात मी आणि डोळ्यावर पट्टी बांधलेली बाई, पाटी कुणासाठी असं छोटी विचारते.

यादीत पाचवं नाव काय होतं ते तिला आठवत नाही. सुई आठवते.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. मोजणीत नुसता आकडा लिहून चालत नाही. शून्य कुठून धरलं तेही लिहावं लागतं. पट्टी बदलली की तोच आकडा वेगळा होतो. "वरून पाचवं" ही नोंद नव्हे. हे तुला लहानपणी पुलावर शिकवलं होतं.

वह्यांमधलं पेन्सिलीचं लिखाण आता दिसत नाही. तिसऱ्यांदा टंकणं माझ्याने व्हायचं नाही. म्हणून विचारतो. कोणतं बटण दाबू?

फोन करू नकोस. फोनवर माझा आवाज चढतो आणि विचारायचं ते राहून जातं. लिहून पाठव. पायरी पायरीने.

तुझे वडील

*

१५ मार्च

बाबा,

"रद्द करा" दाबा. रद्द म्हणजे प्रश्न रद्द. नोंदी रद्द होत नाहीत.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी पायरीवर बसून वाचलं. चहाबिहा काही केला नाही. तुम्ही मजकूर जसाच्या तसा उतरवलात म्हणून मला खात्रीने सांगता येतं. आत्याच्या यादीत पाचवं नाव होतं ईएक्सटी४, म्हणजे नव्या प्रणालीची आखणी. मला हवं होतं एनटीएफएस, म्हणजे तुमच्या प्रणालीची. तुमच्या बाजूला त्या रेघा ओळखता येत नाहीत, म्हणून ती म्हणते की वही कोरी आहे, आखू का? वही कोरी नाही. तुमचे आकडे आत आहेत.

या वेळी सगळी नावं लिहितो.

एक. "रद्द करा" दाबा. दोन. यंत्र बंद करून पुन्हा चालू करा. तीन. काळ्या पडद्यावर दोन नावं येतील. बाणाच्या बटणाने आत्याच्या प्रणालीचं नाव निवडा. चार. तिथे "दोघांचं" उघडा. नोंदी तिथे दिसतील. पाच. त्यांच्या तीन प्रती काढा. एक तुमच्या जुन्या वाट्यात, दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर. सहा. प्रत्येक प्रत उघडून पहिलं पान, शेवटचं पान आणि मधली कोणतीही दहा पानं "दोघांचं"मधल्या मूळ नोंदींशी ताडून बघा. यातलं काही जुळलं नाही तर पुढे जाऊ नका, मला लिहा.

सात. सगळं जुळलं असेल तरच. डिस्कच्या साधनात "दोघांचं" निवडून तो वाटा फॉरमॅट करा. यादीतलं नाव मोजू नका, वाचा. एनटीएफएस. तिथे "यातली सर्व माहिती जाईल" असं विचारेल. ते खरं आहे, जाईल. म्हणून सहावी पायरी आधी आहे. नंतर प्रत परत त्यात ठेवा.

सातवी पायरी नको वाटली तर करू नका. तुमच्या प्रती सुरक्षित राहतील आणि आत्याची राजकन्याही. ते बटण तुम्ही माझ्या सांगण्यावरून दाबावं असं मागायचा मला हक्क नाही.

त्या दिवशी मी बघायला हवं होतं. सहा वर्षं हे वाक्य मनात लिहितोय.

मुंगळा

*

२४ मार्च

प्रिय मुंगळ्या,

एका डोळ्याने लिहिते आहे, पण काय डोळा आहे रे! भिंतींना पिवळा रंग आहे हे मला वर्षभर माहीतच नव्हतं. दादाच्या शर्टाची कॉलर किती विरली आहे तेही दिसलं, त्याला मात्र ते आवडलेलं नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दादाने ते तीनदा वाचलं. पेन्सिलीला टोक काढलं. मला काळा चष्मा लावून शेजारी बसवलं. "पडद्याकडे बघायचं नाही," म्हणाला, "नुसतं बस." पहिली पायरी मोठ्याने वाचली, बोट शर्टाला पुसलं आणि "रद्द करा" दाबलं. चौकट गेली. दुसरं काहीच झालं नाही. मुंगळ्या, काहीच न होण्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. दहा दिवस अखंड फिरलेला पंखाही त्याने बंद केला.

मग काळा पडदा. "आता तुझ्या गावाला जायचं," म्हणाला आणि बाणाचं बटण दाबलं. माझ्या प्रणालीत गेल्यावर पाव्हण्यासारखा अवघडून बसला. "दोघांचं" उघडलं. माझ्या चष्म्यातून मला नुसता उजेड दिसत होता. माझा धीर सुटला. "दादा, आहे का?"

"पहिल्या दिवशी एक मीटर ऐंशी होती," तो म्हणाला. "त्या दिवशी माझी छत्री वाहून गेली होती."

मग म्हणाला, "चहा कर." मग म्हणाला, "नको, तू बस, मी करतो." माझा जीव तेव्हा भांड्यात पडला.

प्रती काढायला आणि ताडायला तीन दिवस लागले. तू दहा पानं म्हणालास, त्याने शंभर ताडली. सातव्या पायरीवर मी म्हटलं, "राहू दे ना. मुंगळ्यानेच लिहिलंय, नको वाटली तर नको."

"ते त्याने त्याच्यासाठी लिहिलंय," दादा म्हणाला. "बाकीच्या सहा माझ्यासाठी आहेत आणि सहाही बरोबर आल्या."

यादी उघडली. "एन-टी-एफ-एस," प्रत्येक अक्षराखाली पेन्सिल धरून वाचलं. सगळी माहिती जाईल असा प्रश्न आला. दादा म्हणाला, "माहीत आहे," असं चक्क यंत्राला, आणि दाबलं. स्वतःच्या बोटाने. मग मान वर करून मला म्हणाला, "त्या दिवशी पोरगं बावीस-तेवीस वर्षांचं होतं, छोटे. मला चकित करणार होतं." एवढंच. मी काळ्या चष्म्याआड होते ते बरं झालं. डॉक्टरांनी डोळ्यात पाणी आणायचं नाही असं बजावलं आहे.

आता "दोघांचं" दोन्हीकडून उघडतं. सकाळी तो त्यात नदी भरतो, दुपारी मी राजकन्या. काल मला म्हणाला, "तुझी विहीर किती खोल आहे ते कुठे लिहिलेलंच नाही." म्हणजे तो ऐकतो तर!

भरतकामाच्या सिस्टरना सांगायला हव्या होत्या तुझ्या सात पायऱ्या. विचार नंतर करा हे त्यांचं तेवढं चुकलंच.

पाकिटात एक लहान वस्तू आहे आणि दादाची चिठ्ठी. मी वाचली नाही असं म्हणणार होते, पण कान लाल झाले.

तुझी
आत्या

(चिठ्ठी, पेन्सिलीने)

सोबत पेनड्राइव्ह. फॉरमॅट एक्सफॅट. तो तुझ्याकडे आणि माझ्याकडे, दोन्हीकडे उघडतो असं वाचलं. यादीतून नाव वाचून मीच निवडलं. आत एकतीस वर्षं आहेत. ही प्रत तुझ्याकडे राहील.

आज सकाळची पातळी दोन मीटर चौदा, शून्य जुन्या पुलाच्या दुसऱ्या खांबापाशी. ही नोंद आत नाही. तेवढी तू भर.